हिवाळ्यात हीट पंप बंद पडला तर आधी काय बघायचं

बाहेर उणे १५ आणि व्हेंटमधून येणारी हवा जेमतेम कोमट, अशा वेळी कुणालाही धास्ती वाटते. घरात तान्हं बाळ असेल किंवा भारतातून आई-बाबा आलेले असतील तर जास्तच. म्हणून हे थंडी सुरू व्हायच्या आत एकदा शांतपणे वाचून ठेवा. मशीन खरंच थांबलं तर फोनवर उघडून क्रमाने बघत जा.

मी मूळचा मिरजेचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलो, तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम केलं, आणि आता कॅनडात ऑन्टारिओतल्या किचनर-वॉटर्लू भागात घरोघरचे हीट पंप दुरुस्त करतो. इथल्या मराठी घरांतून "दादा, हीट पंप गेला बहुतेक" असा फोन आला की बऱ्याचदा तो गेलेला नसतो. एक तर तो त्याचं रोजचं काम करत असतो आणि घरच्यांना ते काम ओळखीचं नसतं, नाही तर त्याला पुरेशी हवा मिळत नसते. दोन्ही गोष्टी तुमच्या तुम्हाला कळू शकतात. उरलेल्या बिघाडांत हात घालायचा नाही. हात कुठे आवरायचा ते मी त्या त्या ठिकाणी सांगतो.

मशीन नीट चालू असताना काय काय करतं

हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली गोळा करून घरात आणतो. उणे १५ च्या हवेत उष्णता कसली, असं सगळेच विचारतात. पाइपांत फिरणारा वायू (बहुतेक घरांत आर-४१०ए, अगदी नव्या मशीनमध्ये आर-४५४बी किंवा आर-३२) साध्या हवेच्या दाबाला उणे ५० च्या आसपास उकळतो. त्याच्यापुढे उणे १५ ची हवा चांगलीच गरम आहे. उन्हाळ्यात हेच मशीन एसीचं काम करतं. बाहेरच्या युनिटमध्ये चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह असतो, तो फिरला की वायूचा प्रवाह उलटतो आणि बाहेरची कॉईल थंड, घरातली गरम होते. कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकायचो, इथे बाहेरची उचलून घरात टाकतो. यंत्र तेच.

आता कोमट हवेचं. गॅस फर्नेसची (गॅस जाळून हवा तापवणाऱ्या भट्टीची) हवा व्हेंटपाशी ५० ते ६० अंश असते, हीट पंपाची साधारण ३० ते ४०. आपल्या हाताची त्वचाच बत्तीसच्या आसपास असते, त्यामुळे ३३ अंशांची हवा हातावर घेतली तर "गार वारा येतोय" असंच वाटणार. हातावर भरवसा ठेवू नका. स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर घ्या, आधी परतीच्या हवेच्या मोठ्या जाळीपाशी धरा, मग व्हेंटपाशी. बाहेर शून्याच्या आसपास असेल तर दोन्हींत ८ ते १५ अंशांचा फरक दिसायला हवा. थंडी वाढेल तसा तो कमी होतो. दोन-तीन अंशांचाच असेल किंवा काहीच नसेल तर पुढे वाचा.

कडाक्याच्या थंडीत मशीन तासन् तास थांबतच नाही, हेही ठीक आहे. फर्नेस जोरात तापवून बंद होते, हीट पंप हळूहळू आणि सतत उष्णता देत राहतो. आकडा सेट केलेल्या ठिकाणी टिकलेला असेल तर ते चालत राहू दे.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते डीफ्रॉस्ट. बाहेरची कॉईल शून्याखाली असते, त्यामुळे हवेतली वाफ तिच्यावर गोठते आणि पांढरा थर चढतो. तो वितळवण्यासाठी मशीन स्वतःच थोडा वेळ एसी होतं. तुम्ही शेजारी उभे असाल तर असं दिसेल: वरचा किंवा बाजूचा पंखा एकदम थांबतो. व्हॉल्व्ह फिरतो तेव्हा 'फुस्स्' असा दमदार आवाज येतो. कंप्रेसरचा सूर बदलतो, थोडा खरखरीत होतो. मिनिटभरात कॉईलवरचा पांढरेपणा खालून वर किंवा वरून खाली पुसला जायला लागतो, युनिटखाली पाणी ठिबकतं, आणि मग वाफेचा मोठा ढग उठतो. रात्री अंगणातल्या दिव्यात तो धुरासारखा दिसतो. पाच ते दहा मिनिटांत पुन्हा 'फुस्स्', पंखा सुरू होताना उरलेली वाफ एकदम वर फेकली जाते, आणि सगळं पूर्वीसारखं. तेवढ्या वेळात घरात हवा गार लागू नये म्हणून आतली सहायक हीट सुरू होते. ओलसर थंडीत, म्हणजे शून्य ते उणे पाचमध्ये, हे दर तासा-दीड तासानेही होऊ शकतं. कोरड्या उणे वीसमध्ये कमी वेळा होतं.

हा ढग बघून कुणी ब्रेकर पाडला तर अर्धवट वितळलेलं पाणी कॉईलवरच गोठतं, आणि तेव्हापासून खरा त्रास सुरू होतो. वॉटर्लूतल्या एका काकूंकडे अगदी हेच झालं होतं. शेजाऱ्याने "तुमच्या युनिटमधून धूर येतोय" म्हणून दार वाजवलं, त्यांनी धावत जाऊन ब्रेकर बंद केला. मी पोचलो तेव्हा कॉईलच्या पट्ट्यांमधल्या फटी काचेसारख्या बर्फाने भरल्या होत्या. धूर आणि वाफ यांत फरक वासाचा. जळका, प्लास्टिकसारखा वास आला तर ब्रेकर बंद करायचाच. वास नसेल तर दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा.

इथे बरीच घरं दुहेरी आहेत, हीट पंपही आणि गॅस फर्नेसही. अशा घरात बसवणाऱ्याने थर्मोस्टॅटमध्ये एक तापमान घालून ठेवलेलं असतं. बाहेर त्याच्याखाली गेलं की हीट पंप थांबतो आणि फर्नेस चालते. म्हणजे उणे १२ ला बाहेरचं युनिट चिडीचूप आणि घर मात्र ऊबदार, हा बिघाड नव्हे. साधे जुने हीट पंप उणे १०-१५ च्या पुढे दमतात, थंड प्रदेशांसाठी बनवलेले उणे २५ ते ३० पर्यंत चालतात. तुमचा कुठला ते युनिटवरच्या पट्टीवरून आणि मॅन्युअलवरून आजच बघून ठेवा.

थर्मोस्टॅट

हसू नका, पण मी सुरुवात इथूनच करतो. मोड 'हीट'वर आहे ना? सेट केलेला आकडा खोलीच्या तापमानापेक्षा दोन अंश वर आहे ना? पडदा कोरा असेल तर सेल बदला. सेल नसतील आणि पडदा कोरा असेल तर फर्नेसकडून वीजच येत नाहीये, त्याचं पुढे सांगतो. कुठलाही बदल केल्यावर निदान पाच-सहा मिनिटं थांबा. कंप्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून आत मुद्दाम थांबा ठेवलेला असतो. लोक आकडा वर, खाली, पुन्हा वर करतात आणि प्रत्येक वेळी तो थांबा नव्याने सुरू करून देतात.

'ऑक्स' दिसत असेल तर सहायक हीट चालू आहे: विजेची कॉईल किंवा फर्नेस. थंडी फार असेल, डीफ्रॉस्ट चालू असेल किंवा तुम्ही आकडा एकदम वाढवला असेल तर ते दिसणारच. 'ईएम हीट' मात्र वेगळं. ते तुम्ही स्वतः लावता, आणि लावलं की हीट पंप पूर्ण बंद राहून फक्त सहायक हीटवर घर चालतं. पंप बिघडला असेल तेव्हा त्याच्यासारखा आधार नाही. पण आई-बाबांनी "इमर्जन्सी म्हणजे जास्त गरम असेल" म्हणून ते दाबलेलं असतं आणि महिनाभराने बिल बघून घरचे हादरतात. विजेची कॉईल एक युनिट वीज घेऊन एकच युनिट उष्णता देते. हीट पंप थोड्या थंडीत तीनच्या आसपास आणि कडक थंडीतही दीड-दोन देतो.

रात्री आकडा पाच-सहा अंश खाली आणून सकाळी एकदम वर नेणं ही गॅस फर्नेसच्या काळातली सवय. हीट पंपाला ती मानवत नाही. सकाळी मोठी उडी मागितली की थर्मोस्टॅट 'ऑक्स' लावतो, आणि ऑन्टारिओत टाइम-ऑफ-यूज (वेळेप्रमाणे बदलणारे) दर असतील तर हिवाळ्यात कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ११ वीज सगळ्यात महाग दराने मिळते. विजेची सहायक हीट असेल तर याचा फटका मोठा बसतो. दिवसरात्र एकच आकडा ठेवा, फार तर अंश-दोन अंश कमी करा.

ब्लॅक फ्रायडेच्या सेलमधून आणलेला स्मार्ट थर्मोस्टॅट घरीच बसवला असेल आणि त्या दिवसापासून 'हीट' लावल्यावर गार हवा येत असेल, तर बिघाड मशीनमध्ये नाही. सेटिंगमध्ये 'ओ/बी' नावाची एक ओळ आहे. चार तोंडांचा व्हॉल्व्ह थंड करताना ओढायचा की गरम करताना, ते तिथे ठरतं. काही कंपन्यांचं एक, काहींचं दुसरं. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे ती ओळ बदलली की झालं.

भिंतीवरचे डक्टलेस असतील तर रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का बघा, 'ऑटो' नको. बाहेर एकच युनिट आणि आत तीन खोल्यांत तीन असतील तर एका खोलीत चुकून 'कूल' लागलेलं पुरतं. एकाच वेळी एक खोली गार आणि दुसरी गरम असं साध्या मल्टी-स्प्लिटला जमत नाही, त्यामुळे बाकीच्या खोल्यांतले नुसते दिवा लावून बसून राहतात. सगळे रिमोट गोळा करा आणि सगळे 'हीट'वर आणा.

ब्रेकर

हीट पंपाला बहुधा दोन ब्रेकर असतात, आतल्या युनिटचा वेगळा आणि बाहेरच्या युनिटचा वेगळा. फक्त बाहेरचा पडला तर पंखा आत चालूच राहतो, म्हणून लोकांना वाटतं वीज आहे. पडलेला ब्रेकर मधेच अडकल्यासारखा दिसतो. तो पूर्ण 'ऑफ'कडे दाबून मग 'ऑन' करायचा. एकदाच. पुन्हा पडला तर तसाच सोडा, 'ईएम हीट' लावा आणि फोन करा. कंप्रेसरच्या वायंडिंगमध्ये किंवा तारेत कुठेतरी शॉर्ट असला तर प्रत्येक वेळी ब्रेकर चढवताना तुम्ही तो वाढवत असता.

बाहेर युनिटशेजारी भिंतीवर एक छोटी पेटी असते, तिच्यातला खटका किंवा ओढून काढायचा ठोकळा जागेवर आहे का तेही बघा. शरद ऋतूत कुणी युनिट धुतलं असेल तर तो काढलेलाच राहिलेला मी पाहिलाय.

एक महत्त्वाची गोष्ट. वादळात वीज बरेच तास गेली असेल, किंवा कुणी तो खटका थंडीत बंद ठेवला असेल, तर वीज आल्या आल्या हीट पंप चालवू नका. थंडीत वायू हळूहळू कंप्रेसरमध्ये साचून तेलात मिसळतो. तो बाहेर काढायला कंप्रेसरला एक छोटा हीटर असतो आणि तो वीज असली तरच चालतो. वीज चालू ठेवा, थर्मोस्टॅट 'ईएम हीट'वर ठेवा, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तेवढा वेळ द्या. काही कंपन्या २४ तास सांगतात. घाई केली तर कंप्रेसरच्या पोटात वायूबरोबर तेलही उसळतं, आणि कंप्रेसर हा सगळ्या मशीनमधला सगळ्यात महाग भाग.

फिल्टर आणि आतली हवा

आपल्या घरांत फिल्टर लवकर बसतो. रोजची फोडणी, सणासुदीला तळण, आणि हिवाळ्यात खिडक्या बंद. तेलाची वाफ परतीच्या जाळीतून जाते आणि फिल्टरवर चिकट थर बसतो, त्यावर धूळ धरते. फिल्टर बाहेर काढून दिव्यासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर तो बदलायला झालाय. एक इंची फिल्टर पाकिटावर तीन महिने लिहिलं असलं तरी हिवाळ्यात महिन्या-दीड महिन्याने बदला, आणि फोडणी देताना ओट्यावरचा एक्झॉस्ट न विसरता लावा. फिल्टरवरचा बाण ब्लोअरकडे, म्हणजे आतल्या पंख्याकडे. मापं बाजूवर छापलेली असतात, १६ बाय २५ बाय १ वगैरे, तीच आणा. 'जास्त चांगला' म्हणून मर्व्ह १३ चा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा) एक इंची फिल्टर बसवला आणि मशीन थांबायला लागलं, हेही होतं, कारण इतक्या पातळ जागेत तो हवा फार अडवतो.

एवढा फिल्टरचा जप का, तर हिवाळ्यात आतली कॉईल गरम बाजू असते. तिच्यावरून हवा पुरेशी गेली नाही तर उष्णता निघून जात नाही, वायूचा दाब चढत जातो आणि मशीन स्वतःला वाचवायला थांबतं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. काही वेळा असं झालं की कायमचं थांबून दिव्याने कोड दाखवतं. न वापरायच्या खोल्यांचे व्हेंट्स बंद केल्यानेही हेच होतं. सगळे उघडा, त्यांवर सरकवलेले सोफे आणि गाद्याही हलवा. फिल्टर बदलून, व्हेंट्स उघडून, थर्मोस्टॅट दहा मिनिटं 'ऑफ' ठेवा आणि मग चालू करा. डक्टलेसचे जाळीचे फिल्टर कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवा, ऐन हिवाळ्यात दर दोन आठवड्यांनी.

फिल्टर बदलल्यावर सगळंच मेलं, थर्मोस्टॅटही कोरा? फर्नेसचं किंवा एअर हँडलरचं (फर्नेस नसेल तर आतल्या पंख्याच्या युनिटचं) खालचं झाकण नीट बसलेलं नाही. त्याच्या मागे एक बटण असतं, झाकणाने ते दाबलं गेलं नाही तर वीज तुटते. झाकण काढून पुन्हा घट्ट बसवा.

बाहेरचं युनिट: स्नो वेगळा, बर्फ वेगळा

चारी बाजूंनी निदान ६० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, आणि खाली पाणी निघून जायला उंची हवी. युनिट थेट काँक्रीटवर ठेवलेलं असेल तर येत्या उन्हाळ्यात त्याला स्टँड करून घ्या. वितळलेलं पाणी खालीच गोठत गोठत वर चढतं आणि शेवटी पंख्याला लागतं. स्नोब्लोअर चालवताना त्याचं तोंड युनिटकडे नको. छताची पन्हाळ त्याच्यावर गळत असेल तर ती आधी दुरुस्त करा. आणि शेजाऱ्याने त्याच्या एसीवर ताडपत्री घातली म्हणून आपण घालायची नाही. त्याचा एसी हिवाळ्यात झोपलेला असतो, आपला हीट पंप हिवाळ्यातच राबत असतो.

भुरभुरीत स्नो मऊ झाडूने झटकला की गेला. खरा शत्रू फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस. २०१३ च्या डिसेंबरात टोरांटोवर आणि २०२५ च्या मार्चअखेर ओरिलिया-पीटरबरोच्या पट्ट्यात झालं तसं आइस स्टॉर्म आलं की पंख्याची पातीच चौकटीला गोठून बसतात. मोटर गुणगुणते, पंखा हलत नाही. अशा वेळी क्रम असा: थर्मोस्टॅट 'ईएम हीट'वर, मग बाहेरच्या युनिटचा ब्रेकर बंद, मग काम. पात्यांवर आणि कॉईलवर कोमट पाणी हळूहळू ओता, उकळतं नको. पाणी ओतायचं तेही दुपारी, तापमान शून्याच्या जवळ असताना. उणे पंधरामध्ये ओतलेलं पाणी खाली पोचायच्या आत गोठतं, तेव्हा 'ईएम हीट'वर घर चालवून हवा निवळायची वाट बघणंच शहाणपणाचं. पाती हाताने अलगद फिरली की ब्रेकर चालू करा, पण कंप्रेसरला तापायला वेळ देऊन मगच हीट पंप लावा.

सुरी, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, ब्लोटॉर्च यांतलं काहीही त्या कॉईलजवळ न्यायचं नाही. बर्फाखाली ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पट्ट्या आणि पातळ नळ्या आहेत. एक भोक पडलं की सगळा वायू उडून जातो आणि दुरुस्ती हजारो डॉलरवर जाते. ड्राइव्हवेवरचं मीठही नको, ॲल्युमिनियम खातं.

थर कसा आहे तेही सांगतो. सगळ्या कॉईलवर एकसारखा पातळ पांढरा थर, तासाभरात एकदा निघून पुन्हा धरणारा: उत्तम. चारी बाजूंनी जाड, न निघणारी पारदर्शक बर्फाची भिंत: डीफ्रॉस्ट होत नाहीये, सेन्सर किंवा बोर्ड किंवा व्हॉल्व्ह, तंत्रज्ञ बोलवा. कॉईलचा थोडाच भाग पांढरा आणि बाकी कोरडा: बहुधा वायू कमी आहे, हेही तंत्रज्ञाचं. याचा फोटो काढून ठेवा, तुम्ही बर्फ काढल्यावर तो पुरावा राहत नाही.

आणखी एक बघता येतं. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी जाड, फोमने गुंडाळलेली नळी हीट चालू असताना चांगली गरम असायला हवी. फोमच्या टोकापाशी बोट क्षणभर टेकवा, मुठीत धरू नका, भाजेल. कंप्रेसर चालू आहे, डीफ्रॉस्ट नाही, आणि जाड नळी गार आहे, तर व्हॉल्व्ह उलट बाजूला अडकलेला असू शकतो.

दुहेरी घरांत फर्नेसकडेही बघा

नव्या फर्नेसचे दोन पांढरे प्लास्टिक पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर निघतात, एक हवा घेतो, एक धूर सोडतो. वाऱ्याने स्नो तिथे साचला की फर्नेस थांबते. वादळानंतर पहिला फावडा त्या पाइपांभोवती चालवा. इथे फक्त गारठ्याचा प्रश्न नाही, कार्बन मोनॉक्साइडचा आहे. प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म हवा, आणि तो वाजला की कपडे शोधत बसायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडून ९११ ला फोन.

फर्नेसशेजारी पाण्याचा छोटा पंप असतो. त्याची नळी गारेजमधून किंवा बाहेर जात असेल तर ती गोठते, भांडं भरतं, आणि आतला तरंगणारा स्विच सगळं बंद करतो. भांडं रिकामं करून नळी मोकळी केली की बरेचदा घर चालू होतं.

फर्नेसच्या बोर्डवर गाडीत असतो तसा जांभळा किंवा फिकट तपकिरी छोटा फ्यूज असतो, तीन किंवा पाच ॲम्पिअरचा. थर्मोस्टॅटची बारीक तार बाहेर खारींनी कुरतडली किंवा उन्हाळ्यात गवत कापताना तुटली की तो उडतो. ब्रेकर बंद करून तेवढाच, त्याच रंगाचा, बदलायला हरकत नाही. तोही उडाला तर थांबा. मोठ्या आकड्याचा बसवलात तर पुढे ट्रान्सफॉर्मर जळेल. बाहेरच्या युनिटचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतला वीज साठवणारा कपॅसिटर वीज बंद केल्यावरही धक्का देऊ शकतो.

"गॅस भरून टाका"

आपल्याकडून येणारी ही सगळ्यात सवयीची मागणी. भारतात दर उन्हाळ्यात एसीवाला येऊन गॅस 'टॉप-अप' करतो, म्हणून तो पेट्रोलसारखा संपतो असं डोक्यात बसलंय. बंद नळ्यांतला वायू संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. शिवाय थंडीत नुसत्या दाबावरून अंदाजे भरणं बरोबर येत नाही. नीट काम करणारा माणूस उरलेला वायू काढून घेतो, गळती बंद करतो, व्हॅक्यूम ओढतो आणि युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरतो. काटा आणलाय का, हे बेधडक विचारा.

माणूस येईपर्यंत

'ईएम हीट' किंवा फर्नेस चालत असेल तर चिंता नाही. काहीच चालत नसेल तर सगळे एका-दोन खोल्यांत या. छोटा विजेचा हीटर सरळ भिंतीच्या प्लगला, एक्सटेन्शनला नाही. १५०० वॉटचा हीटर साडेबारा ॲम्पिअर घेतो आणि खोलीचं सर्किट १५ चं असतं, म्हणून एका सर्किटवर एकच. पडद्यापासून, रजईपासून मीटरभर लांब. गॅसची शेगडी ऊब घ्यायला पेटती ठेवायची नाही, कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात किंवा गारेजमध्ये अजिबात नाही. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचे दरवाजे उघडे ठेवा, तो नळ बारीक धारेने सोडा, आणि घराचा मुख्य पाण्याचा वाल्व कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

फोन करायच्या आधी मशीन भाड्याचं आहे का तपासा. ऑन्टारिओत घर घेताना अशी भाडेकरारं अंगावर येतात, आणि तसं असेल तर दुरुस्ती बहुधा भाड्याने देणाऱ्याचीच असते. स्वतःचं असेल तर वॉरंटीचा कागद काढा. फोनवर इतकं सांगा: बाहेरच्या युनिटवरचा मॉडेल नंबर, बाहेरचं तापमान, थर्मोस्टॅटवर काय दिसतंय, ब्रेकर पडला होता का, दिवे किती वेळा लुकलुकतात. लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ पाठवला तर माणूस योग्य भाग गाडीत टाकून निघतो आणि तुमची एक फेरी वाचते. वायूला हात लावणाऱ्याकडे ओडीपी कार्ड (असा वायू हाताळण्याचं प्रमाणपत्र) आणि ३१३ए किंवा ३१३डी चा परवाना असायला हवा, गॅस फर्नेसच्या कामाला गॅसचा वेगळा परवाना. दारावर येऊन "तुमचा हीट पंप जुना झालाय, आजच सही करा" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. न बोलावता दारावर येऊन अशी मशीनं विकायला ऑन्टारिओत १ मार्च २०१८ पासून बंदी आहे. आणि कुणी पहिल्याच भेटीत "कंप्रेसर गेला, नवीन घ्या" म्हणालं तर कपॅसिटर आणि काँटॅक्टर (कंप्रेसरला वीज जोडणारा स्विच) तपासून काय आकडे आले ते लिहून मागा, आणि दुसऱ्याला दाखवा.

दुरुस्ती झाली की माणसाला निघू देण्याआधी एक काम करून घ्या. बोर्डवरून डीफ्रॉस्ट मुद्दाम सुरू करून दाखवायला सांगा, चांगले तंत्रज्ञ नाही म्हणत नाहीत. पंखा थांबण्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतचा आवाजासकट व्हिडिओ काढा आणि घरातल्या सगळ्यांना पाठवा, आई-बाबांनाही.